पट्टीचे पोहणारे

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला आलेल्या कुठल्याही टोळक्यात एक काका असतातच. वय पन्नास ते पासष्ट. अंगात सहलीसाठी छापून घेतलेला टी-शर्ट, खाली बर्म्युडा, गळ्यात चेन, चष्म्याला दोरी आणि मोबाइल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून वर रबरबँड. सोसायटीच्या सहलीत ते असतात, ऑफिसच्या पिकनिकला असतात, जावयाच्या मित्रमंडळीतसुद्धा कसे कोण जाणे शिरलेले असतात. बाकीच्यांना नावं असतात, ह्यांना सगळे 'काका' म्हणतात, आणि सख्खे ते कोणाचेच नसतात. लाइफ जॅकेट हातात आलं की त्यांच्या तोंडून ठरलेलं वाक्य बाहेर पडतं. "मला नको. मला पोहता येतं."

नुसतं येत नाही, पट्टीचं येतं. वाई, कराड नाहीतर सांगली. गाव बदलतं, नदी कृष्णाच असते. थोरल्या भावानं पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. चार दिवसांत डबा सुटला, आठवड्यात काठावरून मुटके सुरू झाले. पुढे ऐन पुरात पुलावरून सूर मारल्याची गोष्ट आहे. ती ताम्हिणी घाट उतरता उतरता अख्ख्या टेम्पो ट्रॅव्हलरनं ऐकलेली असते, आणि विळ्याला चहा होईपर्यंत पुलाची उंची थोडी वाढलेली असते.

समोर उभा असतो गाइड. विशी-पंचविशीचा, जवळच्याच गावातला, उन्हानं रापलेला. खांद्याशी शिटी, कमरेला फेकायच्या दोरीची पिशवी. असे काका तो रोज बघतो, त्यामुळे वादात पडत नाही.

"काका, घालावंच लागतं. नियम आहे."

"अरे बाळ, कृष्णेचं पाणी प्यायलोय मी."

"हे पण कृष्णेचंच आहे काका."

काका क्षणभर गप्प होतात. कारण पोरगं खरं बोलतंय. कुंडलिकेत राफ्ट चालवणारं हे पाणी मुळशीच्या धरणातलं. ते मुळा नदीच्या वाटेनं गेलं असतं तर पुण्यात मुठेला भेटलं असतं, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पण टाटांनी ते अडवलं. त्या धरणासाठी जमिनी जात होत्या म्हणून 1921 साली मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरीही धरण झालंच. 1927 पासून ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करून झाली की कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. म्हणून तर मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवत असतानाही इथे राफ्ट चालते. मुंबईला वीज लागली की पाणी सुटतं. सकाळी पाणी आलं की निघायचं आणि त्याच पाण्याबरोबर खाली यायचं.

"म्हणजे ही नदी आहे की नळ?"

"दोन्ही."

"मग तर ओळखीचंच पाणी!" असं म्हणून काका जॅकेट पुन्हा टेबलावर ठेवतात.

त्याआधी फॉर्म होतो. हृदयविकार, दमा, फिट येणे, रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया असे रकाने असतात. काका सगळीकडे 'नाही' लिहून झोकात सही ठोकतात. मागून काकू म्हणतात, "अहो, बीपी?" त्यावर काकांचा खुलासा तयार असतो. "गोळी घेतो ना! म्हणजे नाही." रात्रीच्या मुक्कामाला कॉटेजच्या ओट्यावर काय काय झालं, हा रकाना फॉर्मवर असला तरी त्याचं उत्तर काकूंना विचारलेलं बरं. हा फॉर्म भरताना तो कोणाच्या कामाचा आहे ह्याचा विचार काका करत नाहीत. आपण आयोजकावर उपकार म्हणून सही केली, अशी त्यांची भावना असते. खरं तर ते 'नाही' गाइडच्या हिशेबात बसतं, आणि हिशेब चुकला तर पाण्यात काका असतात.

गाइड मुरलेला असेल तर टेबलावरचं ते जॅकेट बघून एक डाव टाकतो. "काका, तुम्ही अनुभवी. जरा सगळ्यांच्या जॅकेटचे पट्टे बघा ना." झालं! काका जॅकेट चढवून कामाला लागतात. प्रत्येकाला समोर उभं करतात, खांद्याकडून जॅकेट वर ओढून बघतात, कानापर्यंत सरकलं की "ढिलं आहे, आवळ!" म्हणून दम देतात. परीक्षा बरोबर आहे, अशीच घेतात. सुनेचं जॅकेट तर इतकं आवळतात की तिला "हो बाबा" म्हणायलाही श्वास पुरत नाही. सर्वांची तपासणी करून काका बोटीकडे निघतात तेव्हा ढिलं जॅकेट एकच उरलेलं असतं. त्याचा खालचा पट्टा पोटाखालून लोंबत असतो.

मग काठावर सूचना होतात. गाइड सांगतो, वल्ह्याची टी-आकाराची मूठ कधी सोडायची नाही, सुटली तर शेजाऱ्याचे दात पाडते. काका त्याच वेळी वल्ह्यानं खंड्या दाखवत असतात आणि मूठ सुनेच्या नाकासमोरून फिरत असते. गाइड सांगतो, पांढऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते माणसाला साध्या पाण्यासारखं उचलून धरत नाही, म्हणून जॅकेट. काका शेजाऱ्याला सांगतात, "हात जोरात मारायचे, काही होत नाही." गाइड सांगतो, पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. काकांना एरवीही स्वतःच्या पायाची बोटं दिसत नाहीत, तो भाग वेगळा.

आणि मग तो सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, जे काकांना अजिबात पटत नाही. कमरेइतकं पाणी लागलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही.

"उभं नाही राहायचं? अरे, जमीन लागली की माणूस वाचला ना!"

विहिरीत हे अगदी खरं आहे. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, पायऱ्या गाठल्या की झालं. नदीच्या तळाला धोंडे असतात. उभं राहायला गेलेला पाय दोन धोंड्यांच्या फटीत अडकतो आणि मागून पाणी ढकलत राहतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. माणूस पुढे वाकतो, तोंड पाण्याखाली जातं, आणि जॅकेट असून, पोहता येत असून, माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडतो. राफ्टिंगच्या धंद्यात मुरलेली माणसं खवळलेल्या लाटेपेक्षा ह्या साध्या उभं राहण्याला जास्त घाबरतात. न पोहणारा बिचारा घाबरून सांगितलं तसं पाठीवर पडून राहतो, आणि काठाला लागतो. उभे राहतात ते काका.

राफ्टमध्ये काकांना मागून दुसरी जागा मिळते, गाइडच्या थेट पुढची. आपल्या अनुभवाचा मान राखला असं त्यांना वाटतं. गाइडचा हात तिथे जॅकेटपर्यंत पोचतो, एवढंच.

कुंडलिका तशी सभ्य नदी. प्रवाहांची प्रतवारी एक ते सहा असते, आणि सहाव्यावर पाहुण्यांना कोणी शहाणा नेत नाही. इथला मामला बहुतांशी दोनचा, पावसाळ्यात तीनचा. पण दोनच्या पाण्यातही एका बोटीला एकच कप्तान लागतो. गाइड "फॉरवर्ड!" म्हणतो, काका "मागे घ्या, दगड आहे!" म्हणतात. निम्मी बोट पुढे वल्हवते, निम्मी मागे, आणि राफ्ट आडवी होऊन त्याच दगडाकडे जाते. अशा वेळी सगळ्यांनी दगडाच्या बाजूला अंग झोकायचं असतं. माणसाचं मन नेमकं उलटं सांगतं. दगडापासून लांब सरका, असं. लांब सरकलं की वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते, आत पाणी भरतं आणि राफ्ट दगडाला ओल्या धोतरासारखी चिकटून बसते. गाइड "हाय साइड!" म्हणून ओरडतो. पोरं झेपावतात. काका पाय लांब करून दगडाला मागे ढकलायचा प्रयत्न करतात. दगड सह्याद्रीचा असतो, त्याला काही होत नाही. राफ्ट गचका खाऊन सुटते, आणि काका वळून म्हणतात, "बघ, ढकलला म्हणून सुटली."

पुढे संथ पाणी लागलं की गाइड परवानगी देतो. ज्यांना उतरायचं त्यांनी उतरा, दोरी धरून तरंगा. काकांच्या आयुष्याचा क्षण! ते दोरी धरत नाहीत. सूर मारतात. पाण्यात पडताक्षणी ढिलं जॅकेट वर सरकून कानांना लागतं, हात निम्मेच फिरतात आणि हेल्मेट नाकावर येतं. प्रवाह संथ दिसतो, पण थांबलेला नसतो. राफ्ट दहा हात पुढे. काका दोन झपाटे मारतात, थोडं पाणी पितात (कृष्णेचंच) आणि अनुभवी माणसाच्या आवाजात ओरडतात, "अरे, जरा बोट थांबव!" गाइड पिशवी फेकतो. काका दोरी सोडून पिशवी धरायला जातात. तो पुन्हा ओरडतो, "दोरी, काका, दोरी!" मग खांद्याचे दोन्ही पट्टे धरून, एकदा खाली दाबून, स्वतः मागे कोसळत तो काकांना आत घेतो. काका राफ्टच्या तळाशी उताणे, पाय आभाळात. पहिलं वाक्य येतं, "जॅकेटनं पोहूच दिलं नाही."

आता काकांबद्दलची एक खरी तक्रार, जी थट्टेत घालवता येणार नाही. बुकिंग करताना त्यांनी तासभर घासाघीस केलेली असते. पंधरा जणांवर एक फुकट, पोह्यांबरोबर ऑम्लेट, संध्याकाळी भजी. बकल तुटलेली जॅकेटं देणारे, लाँग वीकेंडला दोन मिनिटांत सूचना उरकणारे आणि सोबत बचावाचा कयाकवाला न ठेवणारे आयोजकही ह्या देशात आहेत. भजीसाठी भांडायची ती चिकाटी काकांनी तिथे लावली असती, तर निम्म्यांनी पहिल्याच फोनवर कयाकवाला शोधला असता. पण तो प्रश्न काकांना सुचत नाही. त्यांना पोहता येतं ना!

तेव्हा भजीचं काकांवर सोपवा आणि फोन तुम्ही करा. सोबत कयाक आहे का, गाइडचं बचावाचं प्रशिक्षण झालंय का, आज पाणी किती सुटणार, एवढं विचारा. नीट उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका. बोटीत बसण्याआधी काकांचा खालचा पट्टा स्वतःच्या हातानं लावा. आणि ते पडले तर हाताला धरून ओढू नका, खांद्याचे पट्टे धरा. काका आत येतील. आल्याआल्या सांगतील की ते मुद्दामच पडले होते. मान डोलवा आणि वल्ह्याची मूठ सोडू नका.