पोशेऱ्याची अभेद्य तटबंदी

मे 2018 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जनतेला कळकळीचं आवाहन केलं: घरातला राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करा. ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरने 54 देशांतली किमान 5 लाख यंत्रं तेव्हा ताब्यात घेतली होती.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याला असल्या आवाहनांची गरज नाही. पावसाळ्यात इथली वीज हे सुरक्षाकार्य दिवसातून अनेकदा, विनामूल्य आणि पूर्वसूचनेशिवाय पार पाडते. 2016 चा ‘मिराई’ हा असाच घुसखोर तर यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीतच मुक्काम करायचा; वीज गेली की तोही गेला. मग फर्मवेअर अपडेट करण्याचा खटाटोप कशाला? पासवर्डही कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’च असू द्यावा, दारी आलेल्याला ताटकळत ठेवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

त्रुटी एकच. वीज परतली की मिराईही परतू शकतो. सबब, सुरक्षेच्या व्यापक हितासाठी वीज परत आणण्याची घाई करू नये, ही नम्र विनंती.

तरीही एखादा घुसखोर शिरलाच, तर त्याला पकडणं सोपं आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर, हात उंचावून, तोही रेंज शोधत उभा असेल.