जिंतूरला झेपतं, तुमचं बोला

विज्ञानमालिकेचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं. कल्पना छान आहे हो, पण आतल्या भागातल्या प्रेक्षकाला झेपायची नाही! आतला भाग म्हणजे आम्ही. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. आमच्या डोक्याचं माप कुणी आणि कधी घेतलं ते कळायला मार्ग नाही. म्हणून आज आमच्या बाजूचा हिशेब मांडतो.

१३ सप्टेंबर १९९७ला दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं आणि २७ मार्च २००५ला संपलं. साडेसात वर्षं, चारशेहून जास्त भाग. एवढ्या काळात पहिलीतलं पोरगं आठवीत जातं. आमच्याकडची एक अख्खी पिढी या मालिकेच्या सोबतीनं शाळा शिकली. आणि ती आम्ही कशी बघितली, हे वातानुकूलित खोलीत बसून आमची कुवत ठरवणाऱ्यांनी जरा नीट ऐकावं.

येलदरी धरणाच्या पायथ्याशी पूर्णेच्या पाण्यावर वीज तयार होते, ती आमच्याच तालुक्यात. पण रविवारी दुपारी बाराला आमच्या गल्लीत लाईट असेल याची हमी कुणी देत नव्हतं. लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी यायची. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, मागं बारा व्होल्टवर चालायची सोय. लाल चिमटा लालला, काळा काळ्याला, आणि तो लावायचा मान मोठ्या पोराचाच. उलटा लागला तर महिनाभर टीव्ही दुकानात. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. काळी चौकट रुंद होत जायची, मधला शक्तिमान लहान लहान होत जायचा, आवाज मात्र तग धरून. चित्र जेवढं आक्रसेल तेवढी पोरं पुढं सरकायची. शेवटी पहिल्या रांगेतल्या पोरांची नाकं काचेला लागायची आणि मागचे ओरडायचे, “डोस्कं काढ की बे!”

अँटेनाचं काम वेगळंच. एक जण पत्र्यावर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर.

“आलं का?”

“मुंग्याच हायेत.”

“आता?”

“आलं, आलं! हलू नको!”

पत्र्यावरच्याला उन्हात तसंच पाइप धरून उभं राहावं लागे आणि त्याला भाग दिसत नसे. भाग संपला की त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, असा नियम होता. कुणी लिहिलेला नव्हता, कुणी मोडलाही नाही. सांगणारा हातवारे करून सांगायचा, तमराज किल्विषचा आवाज काढायचा, डॉक्टर जॅकॉलचं ‘पॉवर’ ओरडून दाखवायचा. गंगाधरचे पुढे आलेले दात आणि जाड भिंगाचा चष्मा दाखवायला तर पोरांत चढाओढ. पुढच्या रविवारी पत्र्यावर दुसरा जायचा. मालिकेवरचं प्रेम ते हेच. नुसतं बघणं नव्हे, दुसऱ्याचं चुकलेलं भरून देणं. मधले कित्येक भाग आम्ही डोळ्यांनी पाहिलेलेच नाहीत, ऐकलेले आहेत. आणि ते आम्हाला पाहिलेल्या भागांइतकेच पाठ आहेत.

‘शक्तिमान’ ही विज्ञानकथा होती का, असं काही शुद्ध मंडळी विचारतील. कुंडलिनी आणि पंचतत्त्वं एकीकडे, जॅकॉलची प्रयोगशाळा दुसरीकडे. कसोटी लावायला बसलात तर ती चमत्कारकथाच ठरेल, मला मान्य आहे. पण तिनं पोरांच्या डोक्यात प्रश्न कुठले पेरले ते बघा. एवढं गरागरा फिरून त्याला चक्कर कशी येत नाही? इतक्या वेगानं उडताना कपडे का पेटत नाहीत? डोळ्यांतून किरण निघतात तर त्याला आंधळेपणा का येत नाही? हे प्रश्न वर्गात मास्तरांना विचारले गेले. काहींना उत्तर मिळालं, काहींना छडी. विज्ञानाची गोडी अशीच लागते, खोट्या गोष्टीला खरे प्रश्न विचारून.

आणि जरा आणखी मागं जा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’ दाखवली, तीही इंग्रजीत. १९८९मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. १९९८मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली, नायक आपला मिलिंद सोमण. नव्वदच्या दशकातच जयंत नारळीकरांनी ‘ब्रह्मांड’ मालिकेतून तारे आणि आकाशगंगा समजावून सांगितल्या. यातली एकही मराठीत नव्हती. आम्ही निजामाच्या मुलखातले, उर्दू-हिंदी गल्लीत खेळताना येते, म्हणून अडलं नाही. पण माझी तक्रार इथूनच सुरू होते. परक्या भाषेत, उतरत्या बॅटरीवर, मुंग्यांतून जे आम्हाला झेपलं, ते मायबोलीत, स्वच्छ चित्रात झेपणार नाही हे कुठल्या शास्त्राला धरून आहे?

मोठ्या माणसांनी विज्ञानमालिकेवर जीव टाकला की लोक हसतात. एवढे केस पिकले, अजून तेच बघता? २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा लावलं तेव्हा आपल्या पोरांना शेजारी घेऊन बसलेले बाप हेच ऐकत होते. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार तीच कथा दरवर्षी सांगतो आणि मांडव भरतो. कथा माहीत आहे म्हणूनच माणूस येतो. कुठल्या वळणावर काय होणार हे ठाऊक असलेला श्रोता जास्त मन लावून ऐकतो. तिथं कुणी विचारत नाही, ‘मागच्या वर्षी ऐकलं नव्हतं का?’ मग अंतराळयानाची गोष्ट पुन्हा बघणाऱ्यालाच का टोकता?

अशा वेड्या चाहत्यांनी जगात काय केलं ते सांगतो. ‘स्टार ट्रेक’ दोन हंगामांनंतर बंद पडणार अशी कुणकुण १९६७च्या अखेरीला लागली. प्रेक्षकांनी वाहिनीच्या कचेरीवर पत्रांचा पाऊस पाडला. तिसरा हंगाम झाला, ७९ भाग झाले, आणि त्या ७९ भागांच्या जोरावर मालिका पुढं देशोदेशी गेली, आपल्या दूरदर्शनपर्यंत आली. तिसरा हंगाम झाला नसता तर ती तिथंच विझली असती. १९७६मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं ‘एन्टरप्राइझ’ हे नाव मिळालं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळं.

इंग्लंडची गोष्ट मला याहून जवळची वाटते. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौत जन्मलेले. पुढं बीबीसीनं जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, चित्रफिती फेकल्या, आणि साठच्या दशकातले शंभरच्या आसपास भाग गेले. चित्र गेलं, पण आवाज उरला. प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज आहे, कारण घरोघरी पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो टिपून ठेवला होता. संस्थेनं फेकलं ते चाहत्यानं जपलं. आमचा पत्र्यावरचा पोरगा आणि लंडनमधला टेपरेकॉर्डर धरलेला पोरगा यांना एकमेकांची ओळख करून द्यायची गरज पडली नसती.

याच बीबीसीवर १९६१मध्ये ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका झाली. अंतराळातून संदेश येतो, त्यात एक यंत्र बांधायच्या सूचना असतात, अशी गोष्ट. ती जॉन इलियट यांच्यासोबत लिहिली फ्रेड हॉयल यांनी. हॉयल म्हणजे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. जगातला अव्वल खगोलशास्त्रज्ञ टीव्हीसाठी गोष्ट लिहितो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. त्या मालिकेचा आज सहावा भाग आणि काही तुकडे तेवढे उरलेत. बाकीचं पुसलं गेलं. आपल्या दूरदर्शनच्या जुन्या विज्ञानमालिकांचं असं होऊ नये, यासाठी त्या नीट जपून सगळ्यांना बघता येतील अशा खुल्या करा, एवढं तरी मागायचा हक्क आम्हाला आहे.

गुरूचं बघून शिष्यानंही गोष्टी लिहिल्या. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. अक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी स्वच्छ लिहून दिली होती. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर. त्यांच्यासोबत लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळीच उभी राहिली. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ अमेरिकेत जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांचा जो संग्रह केला, त्यात गेली. पन्नास वर्षांचं हे घरचं धान्य कोठारात पडून आहे, आणि दळायला कुणी घेत नाही.

मराठी वाहिनीवर कोकणातल्या वाड्यातली भुतं ‘रात्रीस खेळ चाले’तून तीन पर्वं चालली. चालू देत, मी स्वतः आवडीनं बघितली. पण भुताला तीन पर्वं आणि नारळीकरांच्या विज्ञानकथांना एकही नाही, हे काही खरं नाही. वर्षानुवर्षं चाललेली, घराघरांत नाव झालेली एक मराठी विज्ञानमालिका सांगा. मी विचारून थकलो. खर्चाचं कारण पुढं करू नका. ‘शक्तिमान’चं उडणं आज बघितलं तर दोरी दिसावी इतपत साधं होतं, आणि तरी गल्ल्या ओस पडायच्या. प्रेक्षक यानाच्या रंगाला भुलत नाही, त्याला पुढं काय झालं ते हवं असतं.

आता आमच्या कुवतीचं. जिंतूरहून तासाभराच्या वाटेवर, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ. तिथं ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प मंजूर केला. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आत निर्वात नळ्या, त्यातून लेझर. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जो हेलकावा बसतो, तो इथं मोजायचा. हेलकावा केवढा, तर प्रोटॉनच्या जाडीहून हजारो पटींनी बारीक. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी असा हेलकावा पहिल्यांदा पकडला; ती टक्कर १३० कोटी प्रकाशवर्षं लांब झाली होती. या कामात नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ भागीदार आहे. ‘कृष्णविवर’ लिहिणाऱ्याची संस्था आमच्या शेजारच्या माळावर कृष्णविवरांची चाहूल घेणार आहे. नारळीकर २० मे २०२५ला गेले, त्यांना ते यंत्र चाललेलं बघायला मिळालं नाही. याची हळहळ आम्हाला इथं आहे, जिंतुरात.

मग सांगा, गोष्ट घडवायला जागा शोधत परदेशी कशाला जायचं? एका बाजूला औंढा. दुसऱ्या बाजूला मंठ्याच्या पलीकडं लोणार, उल्केच्या धडकेनं काळ्या बसाल्टात पडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर आणि त्यात खारं पाणी. मधे चारठाण्याची हजारभर वर्षांपूर्वीची देवळं, नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी, येलदरीचा अथांग जलाशय. समजा, यंत्र बसवायला आलेली एक तरुण इंजिनिअर आहे. रात्रपाळीत तिला असा एक हेलकावा मिळतो, जो अमेरिकेतल्या यंत्रांना मिळालाच नाही. तो आला कुठून? तिच्यासोबत गावातला एक म्हातारा आहे, ज्याला जमिनीचा हादरा आधी कळतो. झाली की पहिल्या भागाची सुरुवात. अशा पोरी आमच्याकडं आहेत, असे म्हातारेही आहेत. भाषाही तयार आहे. ‘मुंग्या आल्यात’ हे त्या पोरीच्या पडद्यालाही चालेल.

शंभर भाग करा, दोनशे करा. मधेच टीआरपी घसरला म्हणून गाशा गुंडाळू नका, कारण आम्ही एकदा बसलो की साडेसात वर्षं बसतो, हे दाखवून झालेलं आहे. आणि पटकथा लिहिणाऱ्याला आधी इकडं पाठवा. जिंतूरच्या बसस्टँडवर उतरावं, समोर चहा घ्यावा आणि औंढ्याची गाडी धरावी. खिडकीची जागा मिळेल अशी व्यवस्था आम्ही करू.