भारमानवाले नाना

जळगावच्या नवीन बसस्थानकावर धुळ्याची गाडी कोणत्या फलाटावर लागणार, हे चौकशीच्या खिडकीत विचारण्यात अर्थ नसतो. खिडकीतला माणूस घड्याळ पाहून सांगतो; नाना ड्रायव्हर चहाला कुठं बसलाय ते पाहून सांगतात. साहजिकच नानांचं उत्तर बरोबर येतं.

खान्देशातल्या प्रत्येक स्थानकावर असे एक नाना असतात. पांढरा लेंगा, टोपी आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीत लॅमिनेट केलेलं आधार कार्ड, पाण्याची बाटली आणि एक वही. जिल्हा परिषदेत जन्मभर फायली हलवल्यावर निवृत्तीनंतर त्यांनी गाड्या हलवायला घेतल्या. आपण ‘गाडी चुकली’ म्हणतो, नाना ‘फेरी रद्द’ म्हणतात. आपण ‘गाडी रिकामी होती’ म्हणतो, नाना मान हलवून म्हणतात, “भारमान घसरलं.”

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला सुटली. नाना तेव्हा पाळण्यात होते, पण ही हकिगत अशी सांगतात की, घंटी त्यांनीच मारली असावी. प्रवासातही डोळा लागू देत नाहीत. बांभोरीला गिरणेचा पूल आला की खिडकीतून पाणी बघतात आणि पाळधी गेलं की शेजाऱ्याला टप्प्याचा हिशेब शिकवतात. सहा किलोमीटरचा एक टप्पा. कुठं उतरलं तर टप्पा वाचतो आणि कुठं उतरलं तर विनाकारण मोडतो, हे त्यांना पाठ. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असं करत धुळे येईपर्यंत त्यांचा कंडक्टरला एकच प्रश्न चालू असतो : “गावात नेणार, की बाहेरूनच?” रस्ता चौपदरी झाला, गाड्या सुसाट निघाल्या आणि गावचा माणूस बोचकं घेऊन पुलाखाली उतरला, हे नानांचं जुनं दुखणं.

तक्रारवहीत नानांचं अक्षर सगळ्यात सुवाच्य. पण एखाद्या प्रवाशानं “विकून टाका ही एसटी” म्हणायचा अवकाश, नाना गर्रकन वळतात. “२०२१ च्या संपात काळीपिवळीत कसे बसला होतात? मांडीवर माणूस, माणसाच्या मांडीवर पिशवी! तेव्हा कोणाची आठवण आली?” एसटीला नावं ठेवायचा हक्क फक्त एसटीनं जाणाऱ्याला, असा त्यांचा कायदा आहे. मोटारीतून उतरून एसटीवर भाषण देणाऱ्यांना ते उभंच करत नाहीत.

घरी मुलाची कार आहे. तो म्हणाला, “नाना, कार असताना स्टँडवर का ताटकळता?” नानांनी शांतपणे विचारलं, “तुझ्या गाडीत सीट किती?”

“पाच.”

“बसणारा?”

“मी एकटा.”

“वीस टक्के भारमान. महामंडळात अशी फेरी दुसऱ्या दिवशी बंद होते.”

नानांच्या आयुष्यातली मोठी लढाई एका वेळेपायी झाली. त्यांचं गाव एरंडोलच्या आत, हमरस्त्यापासून बाजूला. जळगावहून गावाकडची संध्याकाळची गाडी साडेचारला सुटायची आणि कॉलेज पाचला सुटायचं. मुली पास काढून रोज काळीपिवळीचे पैसे भरत होत्या. नानांनी अर्ज केला : ‘विषय : सायंकाळची फेरी सव्वापाचला सोडणेबाबत.’ नवी गाडी नको, नवा ड्रायव्हर नको, फक्त पाऊण तास उशिरा. एवढी स्वस्त मागणी कोणी केली, म्हणून कचेरीला आधी संशयच आला. मग ग्रामपंचायतीचा ठराव जोडला, पालकांच्या सह्या जोडल्या, स्मरणपत्रं गेली. अखेर गाडी सव्वापाचला सुटली. नानांनी ड्रायव्हर-कंडक्टरला नारळ दिला आणि स्टिअरिंगला हार घातला.

तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. मुली घरी, गाडी रिकामी. कंट्रोलर म्हणाले, “नाना, तुमच्या फेरीला भारमान नाही. वरून विचारणा होतेय.”

दुसऱ्या दिवसापासून नाना सकाळी जळगावला यायचे आणि सव्वापाचच्या गाडीनं परत जायचे. कंडक्टरनं अहिराणीत विचारलं, “कथा (कुठं) चालनात, नाना?”

“कथाच नही. गाडी भराले.”

“पण तुमचं तिकीट शून्याचं. त्यानं काय भरणार?”

ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. नानांची पंच्याहत्तरी त्याच वर्षाची, त्यामुळे योजना आपल्याच वाढदिवसाला निघाली असं ते धरून चालतात. ते कंडक्टरला म्हणाले, “शून्य मला आहे, महामंडळाला नाही. माझे पैसे सरकार भरतं. फाड तिकीट!” यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट निघालं. नानांनी ते वहीत चिकटवून खाली तारीख टाकली. पुरावा असावा.

पण एकट्या नानांनी गाडी किती भरणार? मग ते गल्लोगल्ली फिरले. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, हे त्यांनी ओट्याओट्यावर जाऊन सांगितलं. काळीपिवळीला किती जातात आणि एसटीला किती, याचा हिशेब भिंतीवर खडूनं मांडला. लग्नाचा बस्ता, दवाखाना, लेकीकडचा फेरा, सगळं सव्वापाचला परतायचं अशा बेतानं ठरू लागलं. वांग्याच्या पाट्या रिकाम्या करून बायका त्याच गाडीला येऊ लागल्या. सुट्टी संपली, मुलीही परतल्या.

परवा सव्वापाचची गाडी फलाटावर लागली आणि खिडक्यांतून रुमाल, पर्स, वह्या आत पडल्या. नाना दारापर्यंत पोचले तोवर आत पाय ठेवायला जागा नव्हती. एका मुलीनं उठून जागा दिली, तर नानांनी तिलाच दटावलं, “बस. तुझा पास आहे, माझं शून्याचं आहे.” दांडी धरून, घाम पुसत, नाना एरंडोलपर्यंत उभे आले. चेहऱ्यावर असा आनंद की, जावयानं पाया पडावं.

एरंडोलला उतरून नाना तडक कंट्रोलरच्या टेबलापाशी गेले आणि तक्रारवही मागितली. लिहिलं : ‘सव्वापाचच्या फेरीत ज्येष्ठ नागरिकांस उभ्यानं प्रवास करावा लागतो. भारमान पाहता सहा वाजता जादा फेरी सोडणेबाबत.’