नदी, प्रिंटआउटमधली

मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुलं लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा ओलांडून कृतिसंशोधन प्रकल्पापर्यंत पोचतात. तिथून पुढे आईची परीक्षा. विषय आपल्या परिसरातला हवा म्हटलं की बोरिवलीत हमखास दहिसर नदी निघते. मग रात्री साडेअकराला मोबाइलवर पूर्वसंशोधन. लंडनची थेम्स कशी शुद्ध झाली हे आधी सापडतं; त्याची सहा पानं, रंगीत. राष्ट्रीय उद्यानातून खाली आलेल्या आपल्या नदीत तबेल्यांचं शेण नेमकं कुठे मिसळतं, हे काही एका क्लिकवर मिळत नाही. म्हणून ते ‘पुढील संशोधनाची दिशा’ या मथळ्याखाली ढकललं जातं. खरं तर उद्यानातलं पाणी एका बाटलीत, पुलाखालचं दुसरीत, दोन्ही शेजारी ठेवल्या की निम्मा प्रकल्प तिथेच उभा राहील. पण नदीकाठी डास, आणि सहाला क्लास! त्यापेक्षा स्पायरल बायंडिंग बरं.

मुलाखतीत परीक्षक विचारतात, “नदीवर किती वेळा गेलास?”

मुलगा बिचारा प्रामाणिक. “रोज जातो सर. पुलावरून, रिक्षाने.”