साडी राहू द्या, चप्पल बदला

युरोपातल्या नदीवरची सफर ठरली, की पहिला बळी जातो आईच्या साडीचा. पैसे मुलाने भरलेले असतात, व्हिसाची कागदपत्रं सुनेने जमवलेली असतात आणि मग दोघं मिळून निकाल देतात, "आई, तिकडे साडीत कसं चालणार?" आई गप्प बसते. दोन जीन्स येतात, तीन टॉप येतात. सत्तरीची बाई आयुष्यातली पहिली पँट पासाऊच्या धक्क्यावर वर ओढत आठ दिवस फिरते आणि प्रत्येक फोटोत पोटावर हात ठेवून उभी राहते. हा अन्याय आहे. प्रेमापोटी केलेला असला तरी अन्यायच.

माझ्या मावशीने नोकरीची सगळी वर्षं डोंबिवलीहून लोकल पकडली, ती साडी नेसून. घाटकोपरला त्या गर्दीतून उतरायची, तेही पदर न सुटता. त्या बाईला डॅन्यूबवरच्या जहाजातून धक्क्यावर उतरणं साडीत झेपणार नाही, असं ठरवणारे आपण कोण? ही समुद्रातली बोट नाही. नदीला लाटा नाहीत, जहाज हलतंय हेही पुष्कळदा कळत नाही. धक्क्यावर टाकलेल्या फळीला दोन्ही बाजूंनी कठडा असतो आणि खाली खलाशी हात द्यायला उभा असतो.

नेसताना मात्र अक्कल वापरा. साडी घोट्याच्या चार बोटं वर. निऱ्यांना पिन, पदराला पिन, आणि पदर खोचलेला. वरच्या डेकवर जायचा जिना उभा असतो, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. सुती किंवा हलकी महेश्वरी, नारायणपेठी न्या. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्यावर चढायचं असेल, तर ३४३ पायऱ्यांचा अरुंद चक्री जिना आहे. त्या दिवशी पंजाबी ड्रेस घाला. बाकी साडीने कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते पायाशी. सारी खरेदी कमरेच्या वर होते आणि पाय विसरले जातात. या सफरीत जहाज म्हणजे फिरतं हॉटेल. तुम्ही रोज चालता ते जुन्या गावांतून: पासाऊ, रेगेन्सबुर्ग, ड्युर्नश्टाइन. तिथले रस्ते एकदा खाली वाकून बघा. मुठीएवढे चौकोनी दगड ओळीने ठोकून बसवलेले. शेकडो वर्षांच्या पायांनी आणि चाकांनी प्रत्येक दगडाचा माथा गोल झालेला आणि दोन दगडांमध्ये बोटभर खाच. टाच अडकते ती नेमकी त्या खाचेत. पाऊस पडला की तेच दगड चकाकतात आणि शेवाळलेल्या घाटासारखे निसटतात. या दगडांवर सकाळी दोन तास आणि दुपारी पुन्हा तास-दीड तास चालायचं असतं. अशा ठिकाणी आपली माणसं कशावर उतरतात? कोल्हापुरीवर. मॉलमधल्या चकचकीत पंप शूजवर. पांढऱ्याशुभ्र फॅशनच्या बुटांवर, ज्यांचा तळवा काचेसारखा गुळगुळीत असतो.

ड्युर्नश्टाइनच्या डोक्यावर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, त्याला ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने ११९२ च्या हिवाळ्यात तिथे कैदेत टाकलं होतं. गावातून वर जायला अर्ध्या तासाची खडकाळ पायवाट आहे आणि वरून वाखाऊ खोऱ्यातली नदी आणि द्राक्षमळे दिसतात. सबंध सफरीतला हा माझ्या मते सगळ्यात देखणा अर्धा तास. पायांत सपाता असलेली मंडळी खालीच जर्दाळूचा जॅम घेत बसतात, कारण वर जाववत नाही. लाखोंचं तिकीट आणि अडवणूक हजार-दोन हजारांच्या बुटांनी! सिंहगडावर जे बूट घालता तेच न्या. ते नसतील तर नवे आजच घ्या आणि महिनाभर सोसायटीच्या आवारात रोज चालून मऊ करा. साडीखाली बूट विचित्र दिसतात, ही तक्रार मला मान्य नाही. गावोगावी शाळेत जाणाऱ्या शिक्षिका आणि आशाताई साडीखाली बूट घालून मैलोन्‌मैल चालतात आणि रुबाबदार दिसतात.

आता बॅग. नदीवरच्या मोठ्या जहाजाची रुंदी साधारण ११.४ मीटर असते, कारण त्याला लॉकमधून जायचं असतं. लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारा हौद. राइन, माइन आणि डॅन्यूब जोडणाऱ्या मार्गावर हे हौद १२ मीटर रुंद आहेत. जहाज आत शिरलं की दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर जागा राहते. मग या अकरा मीटरमध्ये दोन्हीकडे खोल्या आणि मधून बोळ. तुमच्या वाट्याला येणारं कपाट केवढं असणार, हा हिशेब घरी बसून करता येतो. रिकामी बॅग पलंगाखाली जाते, भरलेली जात नाही. तीन मोठ्या बॅगा घेऊन आलेलं जोडपं आठवडाभर त्या बॅगांवरून उड्या मारत पलंगावर चढतं.

आणि त्या बॅगांत असतं काय? डेकवर फोटो काढायला आणलेला लांब झुळझुळीत लाल गाउन. १९९७ साली 'टायटॅनिक' आला आणि तेव्हापासून जहाज म्हटलं की लोकांना जहाजाच्या टोकाशी हात पसरून उभं राहायचंय. माइन नदीवर आणि १९९२ साली सुरू झालेल्या माइन-डॅन्यूब कालव्यावर पूल इतके ठेंगणे आहेत, की वरच्या डेकचे कठडे आडवे पाडतात, छत मिटतं आणि कप्तानाची केबिनसुद्धा खाली डेकमध्ये उतरते. प्रवाशांना वर मज्जाव. कधी कधी सबंध दिवस. गाउन तसाच इस्त्रीचा परत जातो.

दुसरी चीज म्हणजे ब्लेझर, जोधपुरी, बूट-टाय. कप्तानाच्या स्वागताच्या जेवणासाठी म्हणे. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांवर तशा रात्री असतात. नदीवरच्या जहाजावर शे-दीडशे माणसं एकाच दालनात जेवतात आणि कॉलरचा स्वच्छ शर्ट आणि साधी पँट घातलेला माणूस तिथे शोभून दिसतो. बायकांनी एक चांगली साडी न्यावी, एकच. पैठणी न्यायची हौस असेल तर जरूर न्या. ती तिथल्या कुठल्याही गाउनला भारी आहे. पण तिच्यासोबत तीन दागिन्यांचे डबे नकोत. दिवसा गळ्यात जहाजाचं ओळखपत्र असतं, गाइडचं बोलणं ऐकायच्या यंत्राची दोरी असते, वर मंगळसूत्र. त्यात मोत्यांची माळ घातली की सगळ्याचा गुंता होतो आणि गाइड पुढच्या चौकात पोचतो.

हवेबद्दल तर आपल्याकडे अंधश्रद्धाच आहे. युरोप म्हणजे थंडी! मे महिन्यात लोक जुलैच्या सफरीसाठी जाड कोट घेतात. जुलैत व्हिएन्ना आणि बुडापेस्टला दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश ही सरासरी असते आणि उष्णतेची लाट आली तर पारा पस्तिशी ओलांडतो. गावातल्या दगडी चौकात सावली नसते. तिथे सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली. पण त्याच संध्याकाळी डेकवर बसलात तर नदीवरचा वारा अंगात शिरतो. म्हणून एकावर एक घाला: सुती, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं टोपीवालं जाकीट. पावसाळ्यात भीमाशंकरला नेता तेच. छत्रीपेक्षा जाकीट बरं. अरुंद गल्लीत तीस माणसांच्या तीस छत्र्या म्हणजे डोळे फुटायची वेळ.

नाताळच्या बाजारांसाठी डिसेंबरात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तापमान शून्याच्या आसपास, आणि तासन्‌तास उभं राहायचं ते गार फरशीवर. थंडी पायातून चढते. लोकरीचे मोजे, जाड तळव्याचे बूट आणि कानटोपी. होय, कानटोपी. तिची चेष्टा पुरे झाली. न्यूरेंबर्गच्या चौकात कान झाकलेला माणूस चार दुकानं जास्त बघतो आणि स्टायलिश माणूस बसमध्ये जाऊन बसतो.

एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत. गावात धक्के कमी, जहाजं जास्त, म्हणून दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात. पलीकडच्या जहाजातली माणसं तुमच्या जहाजाच्या स्वागतकक्षातून काठावर जातात. सकाळी उठून खिडकीचा पडदा सारावा, तर समोर हातभर अंतरावर दुसरी खिडकी आणि आत परका माणूस दाढी करताना. तेव्हा घरातला मॅक्सी, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी यांवर सहा वाजता चहाच्या मशिनकडे निघू नका. साधा कुडता-पायजमा ठेवा, रात्रीलाही तोच.

आणि टूरवाल्याने वाटलेली ती भडक टोपी. चर्चमध्ये पाऊल ठेवताना पुरुषाने टोपी काढायची. मेल्कच्या मठाच्या चर्चमध्ये आपले काका टोपी घालून सोनेरी वेदीसमोर व्हिडिओ काढतात, तेव्हा मला मान खाली घालावी लागते. बुडापेस्टच्या दोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये नेमकं उलट. १८५९ साली पुरी झालेली ती वास्तू ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, तिथे पुरुषाने डोकं झाकायचं. टोपी नसेल तर दारात देतात. बायकांनी खांदे झाकलेले हवेत, जे साडीत आपोआप होतं. देवळात चपला बाहेर काढायला ज्यांना कुणी सांगावं लागत नाही, त्यांना एवढं जमायलाच हवं. बुडापेस्टमधल्याच सेचेनीच्या गरम पाण्याच्या हौदांसाठी पोहण्याचा पोशाख आणि सपाता घ्या. सपातांची खरी जागा ती.

शेवटी वजनाचं. नदी कुणाच्या वेळापत्रकाने वाहत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये राइन इतकी आटली, की काउबच्या पाणीमापकावर आकडा २५ सेंटिमीटरवर आला. २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा पाणी उतरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये डॅन्यूबला पूर आला आणि जहाजं अडकून पडली. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढच्या गावी नेऊन दुसऱ्या जहाजात चढवतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाने आपली भरलेली बॅग उचलून दोन मजले उतरून दाखवावी. आईनेही. नाही उतरवता आली, तर आधी मुलाचा ब्लेझर बाहेर काढा, मग सुनेचा लाल गाउन, मग आईसाठी घेतलेल्या त्या दोन जीन्स. तिच्या साड्यांना हात लावू नका.