हिंगोलीचा कॅसिनो

राज्याने १९७६ साली कॅसिनो कायदा केला, अमलात कधी आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. ४७ वर्षांत कुणाचा छदामही न बुडवणारा असा कायदा दुसरा दाखवा! तरी हिंगोलीला कॅसिनोनगरीचा दर्जा द्यावाच, ही आमची नम्र सूचना. भूसंपादन नको, रोषणाई नको (वीज तशीही कधी येईल सांगता येत नाही). पाचही तालुक्यांत टेबलं मांडलेलीच आहेत. जूनमध्ये सोयाबीनची बॅग फोडायची, दाणे मातीत टाकायचे आणि मान वर करून बसायचं. पानं आभाळ वाटतं. उगवलं नाही तर दुबार डाव. उसनवारीची सोय गावातच. वसमतकडच्या हळदीचा डाव तर आठ-नऊ महिने चालतो, पत्ते उघडतात लिलावात.

पणजीला मांडवीतल्या जहाजावर हरणाऱ्यालाही जेवायला घालतात. इथं हरणाराच सगळ्यांना जेवायला घालतो.

प्रवेशासाठी सातबारा पुरे.