सरकारांचा जवळा

हॉर्शम, १० जुलै

ती. आईस,


रविवारी फोन लागला नाही म्हणून तू रागावलीस. आम्ही जवळच्या नेप इस्टेटीच्या रानात फुलपाखरं शोधत होतो, तिथे रेंज नव्हती. शेती परवडेना म्हणून मालकांनी २००१पासून जमीन मोकळी सोडली. बाबांच्या भाषेत पड टाकली. तिच्यात सॅलोची झुडपं माजली आणि त्यांवर अंडी घालणारं ‘पर्पल एम्परर’ आपण होऊन राहायला आलं. आता ते बघायला लांबलांबून माणसं येतात. आपली गडग्याखालची पड बघायला तलाठीसुद्धा फिरकत नाही.

हे एम्परर सरकार ओकच्या शेंड्यावर असतात. फुलांना तोंड लावत नाहीत. झाडाचा चीक पितात आणि क्षार हवेसे झाले की नर सकाळी खाली उतरतात ते शेणावर, सडक्या मासळीवर! पूर्वीचे संग्राहक यांच्यासाठी मेलेले ससे ठेवत. हल्लीचे सभ्य लोक आंबवलेल्या कोळंबीचा लगदा फासतात.

हे ऐकलं आणि मी गाडीकडे पळालो. तू दिलेला सुका जवळा डिकीतच असतो. घरात भाजला तेव्हा शेजाऱ्यांना गॅस गळतोय असं वाटलं. तेव्हापासून स्मिताने त्याला घरबंदी केली आहे. पाणी शिंपडून वाटेवर पसरला. दुर्बीणवाल्या एका आजोबांनी छाती भरून वास घेतला आणि म्हणाले, “ब्रिलियंट!” आई, या देशात आपल्या जवळ्याला एवढी दाद कुणी दिली नव्हती.

बऱ्याच वेळाने सरकार उतरले. आमचा ईशान म्हणाला, “हे तर काळंच आहे.” तेवढ्यात ते जरा वळले आणि एक पंख जांभळा पेटला. हा रंग फक्त नराला, तोही उजेड ठरावीक कोनातून पडला तरच दिसतो. पिवळी सोंड काढून त्यांनी जवळा चाखला, उठले, आणि शेजारच्या घोड्याच्या लिदीवर जे बसले ते हलेचनात. स्मिता म्हणाली, “बघ, पर्याय असला की कुणीही तेच करेल.”

बाबांना सांग, परसातल्या लिंबावर अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्यात ब्लू मॉर्मनच्या असू शकतात, आणि ते २०१५पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. कुणी इकडे येणार असेल तर जवळा नक्की पाठव. स्मिताला कळवू नकोस.

तुझा,
बंड्या